पाव मिलिलिटरची कांडी

कोल्हापूर जिल्ह्यात म्हैस माजावर आली की आता रेडा शोधत फारसे कोणी फिरत नाही. दूध संस्थेत वर्दी जाते आणि कृत्रिम रेतन करणारा सेवक मोटरसायकलच्या मागे अॅल्युमिनियमचे गोल भांडे बांधून गोठ्यात येतो. झाकण उचलले की भांड्याच्या तोंडातून पांढरे धुके कडेने खाली उतरते. त्या धुक्याखाली, उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या द्रवनत्रात, तेरा सेंटिमीटर लांबीच्या बारीक प्लास्टिकच्या नळ्या उभ्या असतात. एकेका नळीत पाव मिलिलिटर रेत. गोठ्यात तिला कांडी म्हणतात. ज्या रेड्याचे ते रेत, तो दुसऱ्या जिल्ह्यात असेल, कदाचित मेलाही असेल. कांडीतले शुक्राणू मात्र कोमट पाण्यात अर्ध्या मिनिटात पोहू लागतात.

थंडीत काही नासत नाही, असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो. पण हेच रेत घरच्या फ्रीजरमध्ये तसेच ठेवले तर त्यातला एकही शुक्राणू जगणार नाही. उणे १९६ अंशांवर सुखरूप पोचलेल्या पेशीला तिथे जवळपास कसलाच धोका नसतो. धोका वाटेत असतो. शून्याच्या थोडे खालून ते साधारण उणे साठ अंशांपर्यंतचा पट्टा पेशीला दोनदा ओलांडावा लागतो, एकदा उतरताना आणि एकदा परत चढताना. गोठित रेताचे सगळे शास्त्र या पट्ट्यातून पेशी कशी पार करायची याचे आहे.

पेशीचा बहुतेक भाग पाणी. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते, त्याच्या स्फटिकांना टोके येतात, आणि हे पेशीच्या आत झाले तर आतली नाजूक रचना फाटते. इतके बहुतेकांना माहीत असते. यापेक्षा कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की बर्फ आधी पेशीबाहेरच्या पाण्यात धरतो. बर्फ होताना शुद्ध पाणी तेवढे बाजूला निघते आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात राहतात. पाणी कमी होत जाते, क्षार तेवढेच राहतात, म्हणून ते पाणी अधिकाधिक खारट होते. हे खारट पाणी पेशीतले पाणी बाहेर ओढते आणि पेशी आकसते. उतार फार संथ असेल तर ती या तीव्र खारात इतका वेळ पडून राहते की तिचे आवरण आणि प्रथिने बिघडतात. उतार फार वेगाचा असेल तर आतले पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते आतच गोठते. एकीकडे क्षार, दुसरीकडे बर्फ. अमेरिकेतील ओक रिज येथील शास्त्रज्ञ पीटर माझुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ही दुहेरी कोंडी नीट मांडून दाखवली. प्रत्येक प्रकारच्या पेशीसाठी या दोन्हींच्या मधला एक वेग असतो. तांबड्या रक्तपेशींना तो मिनिटाला शेकडो-हजारो अंश लागतो. अंडपेशीला मिनिटाला एखादा अंश किंवा त्याहूनही कमी. शुक्राणू या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

नुसता वेग साधूनही भागत नाही. पेशीत आणि भोवताली असे काहीतरी हवे, जे पाण्याला धरून ठेवील आणि बर्फ कमी होऊ देईल. हे सापडले १९४९ मध्ये, लंडनच्या मिल हिल भागातल्या प्रयोगशाळेत. ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि अॅलन पार्क्स कोंबड्याचे रेत फळसाखरेच्या द्रावणात गोठवून पाहत होते. बरेच दिवस यश नव्हते. मग एकदा शीतखोलीतल्या एका बाटलीतले द्रावण वापरल्यावर शुक्राणू वितळून चक्क पोहू लागले. बाटलीतल्या उरलेल्या द्रवाचे पृथक्करण केले तेव्हा कळले, की त्यात साखर नव्हतीच. ग्लिसरॉल आणि अंड्याच्या पांढऱ्यातले अल्बुमिन होते, बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली होती. अशी चूक पुष्कळ जणांच्या हातून होते. त्या तिघांनी बाटली फेकून न देता तिच्यात काय आहे ते तपासले, आणि आज जगभरच्या गोठ्यांत पोचणारी कांडी त्या तपासणीतून निघाली.

ग्लिसरॉल म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे तेच गोडसर, दाट ग्लिसरीन. ते पाण्यात सहज मिसळते, पेशीच्या आवरणातून आत शिरते आणि पाण्याच्या रेणूंना बांधून ठेवते. त्यामुळे कुठल्याही तापमानाला बर्फ कमी बनतो आणि बर्फ कमी म्हणून उरलेला खारही सौम्य राहतो. कोंडीच्या दोन्ही बाजू एकदम सैल होतात. पण ग्लिसरॉल फुकटचे नाही. उबदार तापमानात ते पेशीला बाधते, म्हणून प्रमाण जपावे लागते. गाई-म्हशींच्या रेतासाठी ते साधारण सहा-सात टक्के असते.

आता कांडी कशी भरतात ते पाहू. महाराष्ट्रात हे काम सरकारी प्रयोगशाळांत चालते आणि मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उभ्या केलेल्या बाएफ संस्थेच्या उरुळी कांचन येथील केंद्रातही चालते. रेड्याचे रेत कोमट पाण्याच्या आवरणाच्या कृत्रिम योनीत घेतात. लगेच सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूंची हालचाल बघतात आणि घनता मोजतात. रेड्याच्या एका वेळच्या रेतात मिलिलिटरला एक अब्ज या हिशेबाने तीन मिलिलिटरमध्ये तीन अब्ज शुक्राणू धरले, तर एका कांडीत दोन कोटी याप्रमाणे दीडशे कांड्या होतात. म्हणजे एरवी एका म्हशीपुरते असलेले रेत दीडशे गोठ्यांत जाते.

रेत नंतर ज्या द्रावणात मिसळतात त्यात ग्लिसरॉलखेरीज आम्लता सांभाळणारे ट्रिस, थोडी फळसाखर, प्रतिजैविके आणि सुमारे वीस टक्के अंड्याचा पिवळा बलक असतो. बलक इतक्या आधुनिक प्रयोगशाळेत आला कसा, असे पाहुण्याला वाटते. त्याचे काम बर्फ धरण्याआधीच सुरू होते. शुक्राणूचे आवरण स्निग्ध पदार्थांचे असते. अंगाच्या उबेतून ते एकदम थंडीत नेले तर हे स्निग्ध ठिकठिकाणी थिजते, आवरणाला भेगा पडतात आणि शून्याच्या वर असतानाच शुक्राणू मरतो. बलकातली स्निग्ध प्रथिने आवरणाला चिकटून त्याला सांभाळतात. म्हणून द्रावण मिसळल्यावरही रेत चार-पाच अंशांपर्यंत सावकाश आणतात आणि तिथे सुमारे चार तास ठेवतात. म्हशीच्या बाबतीत या टप्प्याला घाई अजिबात चालत नाही. रेड्याच्या शुक्राणूचे आवरण वळूच्या शुक्राणूपेक्षा नाजूक असते आणि गोठवण्यात त्याचे नुकसानही जास्त होते. गाईसाठी बसवलेली पद्धत म्हशीला जशीच्या तशी लावून चालले नाही, याचे हे एक कारण.

चार अंशांवर असतानाच कांड्या भरून त्यांची तोंडे बंद केलेली असतात. प्रत्येकीवर रेड्याचा क्रमांक, जात, केंद्र आणि तारीख छापलेली असते. मग कांड्या जाळीवर आडव्या मांडून द्रवनत्राच्या वाफेत सोडतात. यंत्र वाफेचे तापमान ठरल्या वेगाने खाली नेते आणि काही मिनिटांत कांडी उणे १४० अंशांवर येते. तो धोक्याचा पट्टा एवढ्याच वेळात ओलांडला जातो. त्यानंतर कांड्या थेट द्रवनत्रात बुडवतात. कांडीचा आकारही याच गरजेतून आला. फ्रान्समधल्या रॉबर्ट कासू यांनी १९६०च्या दशकात या बारीक नळ्या रुळवल्या. नळी इतकी बारीक, की मधल्या आणि कडेच्या थेंबात तापमानाचा फरक पडत नाही, सगळे शुक्राणू एकाच वेगाने उतरतात.

प्रत्येक खेपेतली एखादी कांडी वितळवून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निम्मे शुक्राणू तरी सरळ पुढे पोहत असतील तर ती खेप पास. उरलेले निम्मे वाटेत गेलेले असतात. इतकी काळजी घेऊनही निम्मे जातात, हे वाचून कुणाला हे शास्त्र अपुरे वाटेल. मला उलटे वाटते. ज्या पट्ट्यात निसर्गतः एकही जगत नाही, तिथून कोटीभर जिवंत पलीकडे जातात, आणि गर्भधारणेला तेवढे पुरतात.

उणे १९६च का, उणे ८० का नाही? पोल्ज आणि मंडळींनी सुरुवातीला कोरडा बर्फ वापरला होता, तो उणे ७९ अंशांचा. तिथे साठवलेल्या रेताची ताकद महिन्यामहिन्याने घसरत असे. उणे १३०च्या आसपास असे तापमान येते, की त्याखाली उरलेसुरले पाणी काचेसारखे घट्ट होते. मग रेणू जागा सोडत नाहीत आणि रासायनिक क्रिया चालत नाही. त्याच्या वर मात्र आतले बारीक स्फटिक हळूहळू एकत्र येऊन मोठे होत राहतात. कुल्फी अर्धवट वितळून पुन्हा गोठली की रवाळ लागते, ते हेच. कुल्फी रवाळ झाली तर फक्त चव जाते, शुक्राणूच्या आत स्फटिक मोठे झाले तर तो फाटतो.

म्हणून माझ्या मते या साखळीतली सगळ्यात नाजूक जागा प्रयोगशाळेत नाही, गोठ्यातल्या त्या भांड्याच्या तोंडाशी आहे. भांडे दुहेरी भिंतीचे असते आणि दोन भिंतींच्या मध्ये निर्वात पोकळी असते. आपल्याकडची बरीचशी भांडी नाशिकला इंडियन ऑइलच्या कारखान्यात बनतात. मान मुद्दाम अरुंद, म्हणजे बाहेरची उष्णता कमी शिरते. झाकण मात्र घट्ट बसत नाही आणि बसवायचेही नसते. एक लिटर द्रवनत्राचा सुमारे सातशे लिटर वायू होतो, त्याला वाट मिळाली नाही तर भांडे फुटेल. याच कारणाने बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत हे भांडे ठेवू नये. नत्रवायूला वास नसतो. तो खोलीतला प्राणवायू हटवतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते.

नत्र रोज थोडे थोडे उडतेच. भांड्यात किती उरले ते पाहायला लाकडी पट्टी तळापर्यंत बुडवून काही सेकंदांनी बाहेर काढून हलवतात. जितक्या उंचीपर्यंत पांढरे दव धरते तितके नत्र. पातळी फार खाली गेली की वरच्या कांड्या उघड्या पडतात. कांडी काढताना तिचा डबा भांड्याच्या मानेच्या वर आणायचा नाही, चिमट्याने एकच कांडी उचलायची आणि डबा लगेच खाली सोडायचा. सेवक डबा वर धरून कांडीवरचा क्रमांक वाचत बसला, तर त्या डब्यातल्या बाकी सगळ्या कांड्या काही सेकंदांत उणे १३०च्या वर येतात. बारीक नळी लवकर थंड होते, तशी तापतेही लवकर. खाली सोडल्यावर त्या पुन्हा उणे १९६ला जातात आणि दिसायला तशाच दिसतात. आतले बरेच शुक्राणू मात्र मेलेले असतात. म्हैस उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोष म्हशीला जातो, माज ओळखण्याला जातो, कधी पेंडीला जातो. म्हशीचा मुका माज अवघड असतो हे खरेच. पण गावात लागोपाठ म्हशी उलटत असतील तर भांड्यातल्या नत्राची पातळी आणि डबा उचलण्याची सवय आधी तपासावी.

परतीची वाटही वेगाने चालायची असते. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद. संथ वितळली तर धोक्याच्या पट्ट्यात स्फटिक वाढायला वेळ मिळतो. हातात चोळून किंवा खिशात ठेवून वितळवलेली कांडी वाया गेली असे समजावे. सेवकाकडे थर्मामीटर आणि कोमट पाण्याचा थर्मास आहे का, हे विचारण्यात शेतकऱ्याने संकोच करू नये. वितळल्यावर कांडी कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबसुद्धा शुक्राणूंना मारतो. मग टोक कापून, रेतन नळीत बसवून काही मिनिटांत काम उरकायचे. एकदा वितळलेली कांडी परत भांड्यात टाकता येत नाही.

नत्राखाली नीट राहिलेल्या कांडीला वयच नसते, असे म्हणायला आज आधार आहे. ऑस्ट्रेलियात १९६८ मध्ये मेरिनो मेंढ्याचे रेत गोठवून ठेवले होते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नास वर्षांनंतर ते वितळवून ५६ मेंढ्यांना दिले आणि ३४ गाभण राहिल्या. ताज्या गोठवलेल्या रेताचा निकालही जवळपास तोच होता.

हेच तंत्र आता समुद्री शेवाळांच्या वाणांसाठी वापरतात. कोल्हापूरला समुद्र नाही, पण शेवाळ कोल्हापुरात रोज पोटात जाते. कॅपाफायकस नावाच्या लाल शेवाळातून निघणारे कॅरॅजिनन चॉकलेटच्या दुधात कोको तळाशी बसू नये म्हणून घालतात, आइस्क्रीममध्येही घालतात. भारतात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याची शेती रुजली ती भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने सांभाळलेल्या वाणापासून. त्याचे बी पेरत नाहीत. तुकडा कापून दोरीला बांधतात, तो वाढला की त्याचा पुन्हा तुकडा. वर्षानुवर्षे एकाच झाडाचे तुकडे लावत गेल्याने सगळी शेती एका वाणाची होते, आणि रोग किंवा उष्ण पाण्याचा फटका बसला की सगळी एकदम बसते. २०१३ नंतर तमिळनाडूत तसे घडले. चांगला वाण प्रयोगशाळेत जिवंत ठेवायचा तर पाणी बदलत राहावे लागते, जिवाणू शिरतात, आणि हळूहळू वाणही बदलतो. म्हणून गोठवणे.

जपानात खातात त्या नोरी नावाच्या शेवाळाबाबत ते चांगले जमले आहे. त्याच्या जीवनचक्रातला एक टप्पा शिंपल्यात वाढणाऱ्या बारीक तंतूंचा असतो. तो मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू यांनी दाखवला, त्याच १९४९ साली, ज्या ‘नेचर’ साप्ताहिकात ग्लिसरॉलचा शोध आला त्याच साप्ताहिकात. जपानच्या शेतकऱ्यांना तोवर आपल्या पिकाचे बी कुठून येते हे ठाऊक नव्हते. त्यांनी पुढे ड्रूबाईंचे स्मारक उभारले. आज वाण जपायला हेच तंतू गोठवतात. आधी सावकाश उणे ४० अंशांपर्यंत, म्हणजे पेशी पुरेशी आकसून आतले पाणी निघून जाते, आणि मग थेट द्रवनत्रात. वितळल्यावर काही काळ अंधारात ठेवतात, कारण दुखावलेल्या हरितद्रव्याला प्रकाशच मारतो. शेवाळाला एक मोठा फायदा आहे. त्याच्या काही पेशी जगल्या तरी पूर्ण झाड परत उभे राहते.

म्हशीचे तसे नाही, आणि कोल्हापूरच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा पंढरपुरी म्हशीचा मुलूख. खांद्यापलीकडे मागे गेलेली तलवारीसारखी लांब शिंगे, हलके अंग, कोरड्या चाऱ्यावर टिकणारी, वेळेवर विणारी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते ती या म्हशीची, पाडव्याला गवळी बांधव शिंगे रंगवून पळवतात तीही हीच. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ने जिल्ह्यात म्हशीच्या दुधाला मोठी बाजारपेठ दिली, गावोगाव पैसा आणला. जास्त दुधासाठी हरियाणा-गुजरातेतून मुऱ्हा, मेहसाणा, जाफराबादी आल्या. शेतकऱ्याचा हिशेब चूक नाही. पण तेच भांडे, तेच नत्र, एका मुऱ्हा रेड्याची हजारो रेडके पंढरपुरी म्हशींच्या पोटी घालू शकते, आणि काही पिढ्यांत गावातली जात विरघळते. पटवर्धन संस्थानिकांच्या काळात घडवलेल्या कृष्णा खोऱ्याच्या भारदस्त बैलांचे वेगळ्या कारणाने असेच झाले. ट्रॅक्टर आले आणि ती जात थोड्या गोठ्यांपुरती उरली.

जात जपायला गोठवलेले रेत ठेवता येते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत देशी जातींच्या रेताची पेढी आहे, आणि पंढरपुरीच्या कांड्या महाराष्ट्रात तयारही होतात. पण रेतात अर्धीच जनुके असतात. उद्या शुद्ध पंढरपुरी म्हैस उरली नाही, तर दुसऱ्या जातीच्या म्हशीवर या कांड्या वापरून पहिल्या पिढीत निम्मी पंढरपुरी मिळेल, दुसरीत पाऊण, मग सात अष्टमांश, मग पंधरा षोडशांश, पाचव्या पिढीत बत्तीसातले एकतीस भाग. रेडीची म्हैस होऊन ती विण्याला चार वर्षे धरली तरी वीस वर्षे गेली. आणि आईकडूनच येणारी मायटोकाँड्रियातली जनुके कधीच परतणार नाहीत, ती रेतातून जात नाहीत. एका-दोन रेड्यांच्या कांड्या असतील तर चौथ्या-पाचव्या पिढीत सगळी एकमेकांची भावंडे होतील. जागतिक अन्न आणि कृषी संघटना अशा पेढीसाठी किमान २५ नर सुचवते, तेही एकमेकांच्या नात्यातले नसलेले.

असे रेडे निवडायचे तर कोणता कोणाचा, हे माहीत हवे. म्हशीच्या कानात पिवळा बारा अंकी बिल्ला असतो, कांडीवर रेड्याचा क्रमांक छापलेला असतो. रेतन झाल्यावर रिकामी कांडी गोठ्याच्या बाहेर फेकली जाते आणि त्याबरोबर रेडकाच्या बापाचे नावही. तो क्रमांक बिल्ल्यासमोर नोंदवून घेणे, आणि पंढरपुरी म्हशीला सेवकाकडे पंढरपुरीचीच कांडी मागणे, ही दोन कामे आज कुठल्याही गोठ्यात होऊ शकतात. त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही.